मागच्या दाराचा खेळ

त्या टेकडीत धोक्यांची खरी नावं मुलांसमोर घ्यायची नाहीत, अशी रीत होती. टेकडीच्या पोटात साळिंदरांची घरं होती, आणि साळिंदरांची समजूत अशी, की एखाद्या धोक्याचं नाव उच्चारलं की तो वाट विचारत विचारत आपल्याच घरी येतो. म्हणून मोठ्यांनी प्रत्येक धोक्याला एक गोड नाव देऊन ठेवलं होतं. धुराला ते पाहुणा म्हणत. सापाला लांब मामा म्हणत. छताची माती सुटायला लागली की घराला जांभई आली म्हणत, आणि ओढ्याकाठच्या वेलीवर पिकणाऱ्या विषारी गुंजा म्हणजे लाल मोती. ही नावं ऐकत ऐकत मुलं झोपी जात. त्यांना स्वप्नंही तशीच पडत. कुणी पाहुणा येई, कुणी मामा येई, घर मोठी जांभई देई आणि सगळे कूस बदलून पुन्हा झोपत.

टेकडी तशी सुखाची होती. घरं खोल होती आणि छतातून झाडांची मुळं लोंबत होती. बाहेर दुपार तापली की त्या मुळांच्या फटींतून हिरवट, पाण्यासारखा उजेड खाली झिरपत येई आणि झोपलेल्यांच्या पाठींवर हलत राही. साळिंदरं दिवसा झोपत आणि सांजावलं की कंद उकरायला बाहेर पडत. घरातली सगळी कामं मोठी साळिंदरं करीत. बाप दाराशी उभा राहून वारा हुंगे आणि कंद आणी. आई भिंतींना ओली माती थापे, ओल कुठे उतरते ते पाही, म्हाताऱ्यांना खाऊ घाली. मुलांनी खायचं, झोपायचं आणि वाढायचं. पाठीवरचे मऊ केस टणक होऊन त्यांचे काटे होईपर्यंत त्यांना दुसरं काहीही काम नसे.

प्रत्येक घराला दोन दारं होती. पुढचं दार रुंद होतं आणि वापरातलं होतं. मागचं कुण्या पणजोबांनी खणलेलं, एका लांब अरुंद बोगद्यातून ओढ्याच्या काठी निघणारं. तिकडे कुणी फिरकत नसे. बोगद्यांत मुळं वाढली होती, कोळ्यांनी जाळी विणली होती, आणि काही घरांना तर आपलं मागचं दार नेमकं कुठल्या कोपऱ्यातून सुरू होतं हेही आता आठवत नव्हतं.

या टेकडीत द्वारका एकटी राहायची. पूर्वी ती एकटी नव्हती. तिला सोनकी नावाची मुलगी होती. एका कोरड्या ऋतूत, भर दुपारी, टेकडीवरचं गवत पेटलं आणि धूर त्यांच्या घरात शिरला. द्वारका दचकून उठली. घाबरलेल्या तोंडून सवयीचाच शब्द निघाला, "पाहुणा आला! सोनके, पाहुणा आला!" आणि ती मागच्या बोगद्याकडे धावली. मुलगी आपल्या मागोमाग येते आहे, असंच तिला वाटलं. सोनकी अर्धवट झोपेत होती. घरी पाहुणा आला म्हणजे कुणीतरी पुढं व्हायला हवं, एवढं तिला कळत होतं. तिनं आपल्या वाटणीचा कंद तोंडात धरला आणि ती पुढच्या दाराकडे निघाली. वणवा ओसरल्यावर द्वारकेला ती उंबऱ्यापाशी सापडली. कंद तिच्या तोंडात तसाच होता.

टेकडी हळहळली. एकेक जण येऊन द्वारकेजवळ बसून गेला. सोनकीचं आयुष्यच तेवढं होतं, असं सगळे म्हणाले आणि आपापल्या घरी जाऊन मुलांना छातीशी घेऊन झोपले. टेकडीवर पुन्हा गवत उगवलं. नावं होती तीच राहिली.

द्वारका मात्र ती नावं उच्चारेनाशी झाली. बराच काळ ती दुसरंही काही फारसं बोलत नव्हती. मग एका संध्याकाळी, गवत पुन्हा पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा, ती घरोघर फिरू लागली. ती शेवटी आली हैबतरावांच्या दाराशी.

हैबतराव म्हणजे टेकडीतलं सगळ्यात भारदस्त साळिंदर. त्यांनी पाठीवरचे काटे उभारले की लांडगासुद्धा दुसरीकडे बघत निघून जाई. त्यांच्या घरात बायको सगुणा, मुलगी बकुळ आणि धाकटा तुकडू असे चौघं होते. हैबतराव त्या वेळी कंदांच्या शोधात गेले होते. सगुणा भिंत थापत होती.

"सगुणा, दुपारी तुझी पोरं माझ्याकडे पाठवशील?" द्वारकेनं विचारलं. "मधल्या चौकात खेळवीन त्यांना. तुम्हांला जरा शांत झोप मिळेल."

सगुणेनं पंज्यांतली माती खाली ठेवली. तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. "काय खेळणार?"

"घर-घर."

सगुणा हसली. "पाठवते हो. तेवढीच पाठ टेकता येईल."

अशी टेकडीतल्या सगळ्या घरांतली मुलं दुपारी चौकात जमू लागली. चौक म्हणजे टेकडीच्या मधोमधचं एक गोल दालन, जिथं सगळ्या घरांच्या वाटा येऊन मिळत. हिरवा उजेड तिथं सगळ्यात दाट असे. त्यात बसलेली मुलं पाण्याखाली बसल्यासारखी दिसत. पहिल्या दुपारी द्वारकेनं त्यांच्यासमोर एक मोठा ढीग ओतला. त्यात बोरं होती, करवंदं होती आणि अधूनमधून चकाकणाऱ्या गुंजा होत्या.

"लाल मोती!" तुकडू ओरडला आणि त्यानं तोंड पुढं केलं.

"ह्यांना गुंज म्हणतात," द्वारका म्हणाली. "ही चावून खाल्ली तर पोरगं मरतं. आता तुम्ही सगळे मिळून हा ढीग निवडा. तोंड न लावता. एक जरी गुंज बोरांत राहिली तरी कुणालाच बोरं मिळायची नाहीत."

मरतं, हा शब्द इतक्या साध्या आवाजात त्यांनी कधी ऐकला नव्हता. छत कोसळलं नाही. कुणी वाट विचारत आलंही नाही. मग बकुळीनं पंज्यानं एक गुंज बाजूला केली, दुसऱ्यानं दुसरी केली, आणि थोड्याच वेळात मुलं एकमेकांच्या डोक्यांवरून वाकून भांडत, हसत, निवडत सुटली. शेवटची गुंज तुकडूलाच सापडली. ती त्यानं पंज्यांत अशी लांब धरून नेली, जणू ती त्याच्याकडे बघत होती.

त्यांचा सगळ्यात आवडता खेळ मागच्या दाराचा होता. एक लांब वेल सगळ्यांनी धरायची, डोळे मिटायचे, नाक जमिनीला लावायचं आणि एकेका घराच्या मागच्या बोगद्यातून ओढ्याकाठी निघायचं. धूर वर तरंगतो, खाली श्वास मिळतो, असं द्वारकेनं सांगितलं होतं. म्हणून जो मान वर करील तो बाद. सुरुवातीला मुलं मुळांना अडकली, कोळ्यांच्या जाळ्यांनी शिंकली. मग त्यांनीच मुळं कुरतडली, दगड बाजूला सारले. हळूहळू प्रत्येक वळण त्यांच्या मिशांना पाठ झालं. डोळे मिटून त्या वाटांनी जाताना मुलांना वाटे, आपण झोपेतच कुठेतरी चाललो आहोत, आणि शेवटी ओढ्याची गार हवा नाकाला लागली की जाग आल्यासारखं वाटे.

एकदा एक पोरगा वेल सोडून सगळ्यांच्या आधी बाहेर पळाला आणि नाचू लागला. "मी पहिला! मी जिंकलो!"

"शेवटी कोण राहिलं ते सांग," द्वारका म्हणाली.

त्यानं मागं पाहिलं. त्याला सांगता येईना.

"मग खेळ अजून चालू आहे. जा, शोधून आण. आणि तुझं घर रिकामं झालं असेल तर शेजारच्या घराच्या मागच्या दाराशी जाऊन हाक मार."

घर-घरचा खेळही ती खेळवी. एक जण बाप होई, एक आई, एक आजारी आजोबा, दोघंतिघं तान्ही. रोज सोंगं बदलायची. एका दुपारी बकुळ आई झाली. तिनं भिंत थापली, मग तान्हं रडलं म्हणून तिकडे गेली, मग आजोबांना पाणी हवं झालं, तोवर भिंत पुन्हा सुटली. खेळ संपला तेव्हा बाकी सगळ्यांची बोरं खाऊन झाली होती आणि तिची तशीच पडली होती. ती घरी गेली तर सगुणा भिंतीपाशीच होती.

"आई, तू बस."

"का गं? काय झालं?"

"काही नाही. ही बाजू मी थापते. तुकडू माती आणेल."

"तुझ्या पंज्यांना जमायचं नाही, राणी."

"मग वाकडी होईल. तू बसून सांग ना कुठे वाकडी झाली ते."

सगुणा बसली. बसल्या बसल्या काय करायचं, हे तिला सुचेना. तिनं आपले पंजे पोटाशी घेतले आणि आपल्या मुलीच्या पाठीवरचे नुकतेच टणक होऊ लागलेले काटे भिंत थापताना खालीवर होतात ते ती बघत राहिली.

हे असंच चाललं असतं. पण एका सकाळी, चौघं खायला बसले असताना, तुकडूनं वर तोंड करून हुंगलं आणि मोठ्यानं म्हटलं, "आज धूर नाही!"

हैबतरावांच्या तोंडातला कंद खाली पडला. "काय म्हणालास?"

"धूर नाही, म्हटलं. साप पण नाही. मी दोन्ही दारं हुंगून आलो."

हैबतरावांचे काटे सळसळत उभे राहिले. घर एवढंसं वाटू लागलं. ते तसेच उठले आणि द्वारकेच्या दाराशी गेले.

"वहिनी, माझ्या पोरांच्या तोंडात हे शब्द कुणी घातले?"

"मी घातले, भावजी."

ते म्हणाले, "माझी पोरं निर्धास्त झोपत होती. आता झोपायच्या आधी दारं हुंगतात. त्यांचं लहानपण का खाताय तुम्ही? त्यांना सांभाळायला मी आहे ना!"

"तुम्ही आहात. पण तुम्ही घरात नसलात तर?"

"मी असेन!" हैबतराव गरजले, आणि मग त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. "तुमचं घर जळलं, म्हणून आमच्या घरात आग आणू नका."

द्वारकेनं मान खाली घातली. तिचे काटे उभे राहिले नाहीत. ती म्हणाली, "तिला मी धूर शब्द शिकवला असता, तर ती माझ्यामागं आली असती. एवढंच मला माहीत आहे."

हैबतराव तिथून निघाले, पण परतीच्या वाटेवर ते वाक्य त्यांच्याबरोबर चालत होतं, आणि त्यामुळं त्यांचा राग आणखी वाढला. घरी पोहोचताच त्यांनी मागच्या बोगद्याच्या तोंडाशी मोठमोठे दगड रचले आणि फटींत माती ठासली. "मागून वारा येतो," ते म्हणाले. "आणि पोरं भटकतात." हैबतरावांनी मनावर घेतलं म्हणजे टेकडीनं घेतलं. दगड बाकी कुणी रचले नाहीत, पण दुसऱ्या दुपारी चौकात कुणीच आलं नाही. द्वारका हिरव्या उजेडात वेलीचं वेटोळं घेऊन बसून राहिली.

मुलं घरोघर पडून राहिली. पण झोप त्यांना पहिल्यासारखी येत नव्हती. काही घरांत ती आपसांतच, हलक्या पावलांनी, मागच्या दारापर्यंत जाऊन येत. बकुळ आणि तुकडू दगडांपर्यंत जात आणि दगडांना नाक लावून परत येत. सगुणा एक डोळा किलकिला करून त्यांना बघे आणि तो पुन्हा मिटून घेई.

गवत वाळून पांढरं झालं. एका दुपारी, उन्हानं की आणखी कशानं कुणास ठाऊक, टेकडीच्या माथ्यावर ते पेटलं.

आत सगळे झोपेत होते. मुळांतून झिरपणारा हिरवा उजेड आधी पिवळा झाला, मग तांबूस. झोपलेल्यांच्या स्वप्नांतही तो तांबूस झाला असावा. मग पुढच्या दारातून एक राखाडी लाट आत आली. ती घाईत नव्हती. छताला लागून सरकत, मुळांना एकेक करून गुंडाळत, ती घरभर फिरली.

हैबतराव जागे झाले आणि उडी मारून पुढच्या दाराशी गेले. आयुष्यभर त्यांनी जे केलं होतं तेच त्यांनी केलं. शत्रूकडे पाठ वळवली, काटे उभारले, शेपटी खडखडवली आणि मागं मागं सरकत चाल केली. लाट त्यांच्या काट्यांमधून आरपार आत येत राहिली. त्यांना खोकला आला. ते पुन्हा सरसावले.

"अहो, आत या!" सगुणा ओरडली. "अहो, तो पा..." तिचा शब्द तोंडातच राहिला. कोणता शब्द म्हणावा हे तिला कळेना.

बकुळ नाक जमिनीला लावून बापाच्या पायांपर्यंत आली.

"बाबा, हा धूर आहे. धुराला काटे लागत नाहीत."

हैबतरावांनी खाली पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"खाली वाका, बाबा. खाली हवा आहे. आणि माझ्यामागं या."

ते वाकले. आपल्या मुलीनं आपल्याला काही करायला सांगितलं आणि आपण ते केलं, हे त्यांना नंतर कितीतरी दिवसांनी आठवलं. त्या क्षणी फक्त जमिनीलगतची हवा खरी होती. तुकडूनं आईच्या पुढं होऊन वाट धरली. डोळे सगळ्यांचेच मिटले होते, पण मुलांच्या मिशांना वळणं पाठ होती. चौघं सरपटत मागच्या कोपऱ्यात पोहोचले आणि तुकडूचं नाक दगडांवर आपटलं.

हैबतराव दगडांवर तुटून पडले, पण त्यांनी माती इतकी नेटानं ठासली होती, की त्यांच्याच पंज्यांना ती दाद देईना. सगुणा बाजूनं उकरू लागली. मुलं खालून. तेवढ्यात दगडांच्या पलीकडून खरडण्याचा आवाज आला आणि मग द्वारकेचा.

"बकुळ! किती जण आहात?"

"चौघं, मावशी! सगळे आहोत!"

पलीकडे मुलंच मुलं होती. बाकीच्या घरांतून ती आपापल्या माणसांना घेऊन ओढ्याकाठी निघाली होती, आणि आपलं घर रिकामं झाल्यावर शेजारच्या मागच्या दाराशी हाक मारत मारत या शेवटच्या घरापर्यंत आली होती. दोन्ही बाजूंनी माती पडू लागली. एक दगड हलला, मग दुसरा. मूठभर गार हवा आत आली. तुकडू त्या फटीतून निघाला. फट मोठी झाली तशी सगुणा निघाली. बकुळ निघाली.

हैबतराव अडकले.

बोगदा कुणा बारीक पणजोबांच्या मापाचा होता, आणि हैबतराव भीतीनं दुप्पट झाले होते. त्यांचा प्रत्येक काटा ताठ उभा होता आणि वरच्या, खालच्या, दोन्ही बाजूंच्या मातीत रुतला होता. ते जितका जोर करीत तितके काटे खोल जात. मागून धूर त्यांच्या पायांपर्यंत आला होता.

"जा तुम्ही," ते म्हणाले. "बकुळ, आईला घेऊन जा."

बकुळ बोगद्यात परत शिरली. तिला थांबवायला सगुणेनं पंजा पुढं केला, पण द्वारकेनं तो हलकेच धरला आणि वेलीचं एक टोक बकुळीच्या तोंडात दिलं. बकुळ बापाच्या तोंडापाशी जाऊन बसली आणि वेल तिनं खाली ठेवली.

"बाबा, काटे मिटा."

"मिटता येत नाहीत, बाळा."

"का?"

"मिटले तर..." त्यांना धाप लागली. "मिटले तर तुम्हांला कोण सांभाळेल?"

"आम्ही सगळे बाहेर आहोत, बाबा. आई आहे. तुकडू आहे. ओढा आहे. तुमच्याशिवाय सगळे आहेत." तिनं आपलं नाक त्यांच्या नाकाला लावलं. "शेवटचा बाहेर आल्याशिवाय खेळ संपत नाही. मिटा ना."

हैबतरावांनी एक लांब श्वास सोडला. किती वर्षांचा तो श्वास होता कुणास ठाऊक. त्याबरोबर मानेवरचे काटे आधी झुकले, मग पाठीवरचे, मग शेपटीचे. पाऊस आल्यावर गवत आडवं होतं तसे ते एकावर एक निजले. हैबतराव पूर्वीपेक्षा कितीतरी लहान दिसू लागले. त्यांनी वेल दातांत धरली. पलीकडे सगळ्या मुलांनी, आयांनी, बापांनी ती ओढली, आणि ते मातीसकट, तुटलेल्या काट्यांसकट ओढ्याकाठी येऊन पडले.

टेकडी संध्याकाळपर्यंत धुमसत राहिली. ओढ्याकाठी घराघरांचे घोळके बसले होते आणि प्रत्येक घोळका आपल्या माणसांना नावानं हाक मारीत होता. प्रत्येक हाकेला ओ येत होती. द्वारका एका घोळक्यापासून दुसऱ्याकडे फिरत होती. कुणाचे डोळे धुऊन देत होती, कुणाच्या पंज्यांतले खडे काढत होती. ती हैबतरावांपाशी आली तेव्हा ते उठून उभे राहिले.

"वहिनी, त्या दिवशी मी जे बोललो..."

"आधी पाणी प्या, भावजी," द्वारका म्हणाली.

ते पाणी प्यायले. पिऊन झाल्यावरही ते बराच वेळ ओढ्यातच तोंड धरून उभे राहिले. मग द्वारका त्यांच्या शेजारी बसली आणि आपल्या मुलीबद्दल बोलू लागली. तिला कोणती बोरं आवडायची, ती झोपेत कशी हसायची. ती गेल्यापासून पहिल्यांदाच द्वारका तिचं नाव घेत होती. हैबतराव मान हलवत ऐकत राहिले.

जुनी घरं राहण्याजोगी उरली नव्हती. टेकडीच्या ओलसर अंगाला नवी घरं खणायचं ठरलं. आतापर्यंत घर खणायची सुरुवात पुढच्या दारापासून होत असे. या वेळी हैबतराव पंजे सरसावून उभे राहिले आणि मग थांबले. त्यांनी मुलांकडे पाहिलं.

"कुठून सुरू करू?"

"मागून," सगळी मुलं एका आवाजात म्हणाली.

"आणि केवढं खणू?"

याचा मुलांना विचार करावा लागला. "बारीक नको," तुकडू म्हणाला. "पणजोबांसारखं नको. आपल्यात सगळ्यात जाड कोण आहे?"

सगळ्यांनी हैबतरावांकडे पाहिलं. सगुणेनं हसू दाबायला तोंड फिरवलं.

"बाबा, तुम्ही जरा इथं आडवे व्हा," बकुळ म्हणाली. "तुमच्या मापानं खणायचंय."

हैबतराव कोवळ्या, गार मातीत आडवे झाले. मुलं त्यांच्या चहूबाजूंनी उकरू लागली. "हलू नका हं, बाबा." ते हलले नाहीत. कुणी त्यांच्या खांद्यापाशी खणत होतं, कुणी पोटापाशी, कुणी शेपटीच्या मागून माती सारत होतं. सगुणा आणि द्वारका ती माती बाहेर नेत होत्या. दुपार चढत गेली. नव्या छतातून अजून एकही मूळ खाली आलं नव्हतं, म्हणून आत अंधार होता, आणि त्या अंधारात लहान पंज्यांचा एकसारखा खरखर आवाज होता. कुणीतरी विचारलं, "बाबा, वरून पुरे की आणखी?" उत्तर आलं नाही.

बकुळीनं वाकून पाहिलं. हैबतराव झोपले होते. काटे पाठीवर सपाट पसरले होते आणि श्वासाबरोबर सावकाश खालीवर होत होते.

"शूऽऽ," बकुळ म्हणाली.

मुलं आवाज न करता खणत राहिली. हैबतरावांच्या पाठीवर माती पडली तर तुकडू ती फुंकर घालून उडवी. मग पुढं कुणाचा तरी पंजा आरपार गेला आणि ओढ्याकडून ऊन आत आलं. ते आलं ते झोपलेल्या हैबतरावांच्या सगळ्या बाजूंनी, त्यांना कुठेही न अडखळता.